फादर ब्राउन यांची ट्रंक

१९८५ साली डब्लिन शहरात, येशूसंघाच्या आयर्लंड प्रांताच्या दप्तरखान्यात, फादर एडवर्ड ओडॉनेल या येशूसंघीय धर्मगुरूंना पत्र्याची एक मोठी ट्रंक आढळली. ते तिच्या शोधात नव्हते. ती योगायोगानेच त्यांच्या हाती लागली. झाकण उघडले तेव्हा आत वस्त्रे नव्हती की ग्रंथ नव्हते, होत्या त्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह. मोजदाद झाली तेव्हा त्यांची संख्या बेचाळीस हजारांच्या घरात भरली. ट्रंकेचे मालक फादर फ्रान्सिस ब्राउन हे २५ वर्षांपूर्वीच, ७ जुलै १९६० रोजी, प्रभूकडे गेले होते. ग्लासनेविनच्या दफनभूमीत येशूसंघीयांसाठी राखून ठेवलेल्या जागेत त्यांना मूठमाती देण्यात आली आणि त्यांची ट्रंक दप्तरखान्यात पडून राहिली.

मठातील जीवनाची ज्यांना थोडीफार माहिती आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. धर्मगुरू वारला की त्याची खोली दुसऱ्यासाठी मोकळी केली जाते. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या माणसाच्या मागे वारसाहक्काने भांडण्याजोगे काही उरत नाही आणि जे उरते ते कोणी फारसे उचकटून पाहत नाही. फादर ब्राउन फोटो काढीत असत हे सर्वांनाच ठाऊक होते. पण ते काय दर्जाचे फोटो काढीत असत हे मात्र फार थोड्यांना उमगले असावे. ट्रंक उघडल्यानंतर लंडनच्या 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राच्या एका संपादकाने या संग्रहाची तुलना मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्यांशी केली. तुलना अंमळ भडक आहे, पण संग्रह पाहिलेल्यांना ती अगदीच अस्थानी वाटली नाही.

फ्रान्सिस ब्राउन यांचा जन्म ३ जानेवारी १८८० रोजी आयर्लंडमधील कॉर्क शहरात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली आणि ते नऊ वर्षांचे असताना वडील समुद्रात पोहताना बुडून वारले. या पोरक्या मुलावर त्यांचे काका रॉबर्ट ब्राउन यांनी मायेचे छत्र धरले. हे काका पुढे क्लॉइन धर्मप्रांताचे बिशप झाले. १८९७ साली सतरा वर्षांचा पुतण्या युरोपच्या प्रवासाला निघाला तेव्हा काकांनी त्याला एक कॅमेरा भेट दिला. त्याच वर्षी तो येशूसंघात दाखल झाला. म्हणजे पाचारण आणि कॅमेरा या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात एकाच वर्षी आल्या आणि अखेरपर्यंत दोन्हींनी त्याची साथ सोडली नाही. डब्लिनच्या विद्यापीठात जेम्स जॉइस हे त्यांचे सहाध्यायी होते. १९०९ साली काकांसमवेत रोमला गेले असता पोप दहावे पायस यांनी या तरुण येशूसंघीयाला आपले छायाचित्र घेऊ दिले.

या काकांनीच १९१२ साली पुतण्याला आणखी एक भेट दिली. त्या भेटीने त्याचे नाव जगभर झाले. ती होती एका नव्या कोऱ्या जहाजाची प्रथम वर्गाची तिकिटे: साउथहॅम्पटनहून फ्रान्सच्या शेर्बुर्ग बंदरामार्गे आयर्लंडच्या क्वीन्सटाउनपर्यंत. क्वीन्सटाउन, म्हणजे आजचे कोव्ह, हे क्लॉइन धर्मप्रांताच्या महामंदिराचे गाव, त्यामुळे पुतण्या काकांच्या अंगणातच उतरणार होता. जहाजाचे नाव होते 'टायटॅनिक'.

येथे एक बारीकशी दुरुस्ती करून घ्यावीशी वाटते. टायटॅनिकवर 'फादर' ब्राउन होते असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे ईशज्ञानाचे विद्यार्थी होते. त्यांना गुरुदीक्षा मिळाली ती तीन वर्षांनी, ३१ जुलै १९१५ रोजी, संत इग्नाती लोयोला यांच्या सणादिवशी. आणि विद्यार्थी होते म्हणूनच पुढे जे घडले ते घडले.

१० एप्रिल १९१२ रोजी सकाळी ते लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून बोटीच्या आगगाडीत बसले आणि तेथपासूनच त्यांनी कॅमेरा चालवायला सुरुवात केली. त्यांच्याबरोबर ऑडेल नावाचे एक परिचित कुटुंब होते. संग्रहातील काही चित्रे या कुटुंबाच्या कॅमेऱ्यातील आहेत, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. जहाजावर त्यांना मिळालेली खोली ए-३७. त्यांनी व्यायामशाळा टिपली, डेकवर फेऱ्या मारणारे प्रवासी टिपले, आपली खोलीही टिपली. एका चित्रात सहा वर्षांचा डग्लस स्पेडन हा मुलगा डेकवर भोवरा फिरवतो आहे आणि त्याचे वडील शेजारी उभे राहून कौतुकाने पाहत आहेत. हा मुलगा आईवडिलांसह बुडत्या जहाजातून वाचला. पण तीनच वर्षांनी, १९१५ साली, अमेरिकेत मोटारीखाली सापडून तो गेला. ते चित्र पाहताना भोवऱ्यावरून नजर हलत नाही.

भोजनगृहात त्यांच्या टेबलावर एक धनाढ्य अमेरिकन जोडपे होते. या हसतमुख आयरिश तरुणाशी त्यांचे असे जमले की, तुम्ही आमच्याबरोबर न्यूयॉर्कपर्यंत चला, जाण्यायेण्याचा सर्व खर्च आमचा, असा आग्रह त्यांनी धरला. मोह कोणाला होणार नाही? पण येशूसंघीय आपल्या मनाने अटलांटिक ओलांडू शकत नाही. त्यांनी प्रांतप्रमुखांची परवानगी मागणारी बिनतारी तार धाडली. ११ एप्रिलला जहाज क्वीन्सटाउनच्या खाडीत नांगरले तेव्हा उत्तर येऊन थांबले होते. ते अवघ्या चार शब्दांचे होते. जहाजावरून ताबडतोब उतर, एवढाच त्याचा आशय. खाली सही प्रांतप्रमुखांची.

ते उतरले. क्वीन्सटाउनला उतरणारे प्रवासी मोजून सात होते, तर चढणारे १२३. लहान बोटीतून किनाऱ्याकडे परतताना त्यांनी दूर जाणाऱ्या जहाजाची जी चित्रे घेतली, ती त्या जहाजाच्या अखेरच्या छायाचित्रांपैकी आहेत. चौथ्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळले आणि १५ एप्रिलच्या पहाटे सुमारे दीड हजार माणसांसह समुद्राच्या तळाशी गेले. त्यांत तीन कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांपैकी इंग्लंडचे फादर थॉमस बाइल्स आपल्या भावाचे लग्न लावण्यासाठी न्यूयॉर्कला निघाले होते. त्या रविवारी सकाळी त्यांनी जहाजावर मिस्सा अर्पण केला होता आणि त्या रात्री मागे राहिलेल्यांची पापनिवेदने ऐकत, त्यांच्याबरोबर रोझरी म्हणत ते जहाजावरच थांबले. एकाच जहाजावर एक येशूसंघीय आज्ञा पाळून उतरला आणि एक धर्मगुरू आपल्या लोकांसाठी थांबला. यातले मोठे कोण, असा प्रश्न आपण विचारू नये. प्रांतप्रमुखांना हिमनग ठाऊक नव्हता. त्यांना फक्त अभ्यास बुडवणारा एक विद्यार्थी ठाऊक होता. फादर ब्राउन यांनी ती तार मात्र आयुष्यभर खिशातील पाकिटात जपून ठेवली.

ही छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. कोडॅक कंपनीने त्यांना पुढे आयुष्यभर विनामूल्य फिल्म पुरवली असे सांगतात. बेचाळीस हजारांचा आकडा पाहिला की ते खरे असावे असे वाटते, कारण दारिद्र्याच्या व्रतात एवढी फिल्म बसत नाही.

टायटॅनिकचे चार रोल सोडले तरी या माणसाचे आयुष्य सांगण्याजोगे होते. १९१६ पासून पहिल्या महायुद्धात ते आयरिश गार्ड्स पलटणीचे लष्करी धर्मगुरू होते. पाच वेळा जखमी झाले, एकदा विषारी वायूने होरपळले. 'मिलिटरी क्रॉस' हा सन्मान त्यांना दोनदा मिळाला. युद्धानंतर प्रकृती सावरेना, म्हणून १९२४ साली वरिष्ठांनी त्यांना उष्ण हवेच्या प्रदेशात पाठवायचे ठरवले आणि ते ऑस्ट्रेलियाच्या लांबच्या सफरीवर निघाले. जाताना केपटाउनला मुक्काम झाला. परतताना सिलोन, एडन, सुएझ, सालोनिका, नेपल्स, लिस्बन अशी बंदरे घेत ते घरी आले. प्रत्येक ठिकाणी कॅमेरा गळ्यात. आपल्या गोव्याच्या तारवटींना ही बंदरांची यादी पाठ असेल. कितीतरी घरांतील वडीलधारी मंडळी याच वाटेने ये-जा करीत असत. फरक एवढाच की त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता आणि फादर ब्राउन यांच्या हाती होता. बोटीवरचे दिनक्रम, धक्क्यावरची वर्दळ, त्या त्या गावची साधी माणसे हे सारे त्यांनी टिपून ठेवले. परतल्यावर ते डब्लिनच्या संत फ्रान्सिस झेवियर मंदिराचे काम पुन्हा पाहू लागले. ज्या संताचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात आहेत, त्याचे नाव धारण करणारे हे मंदिर.

१९२९ पासून त्यांची नेमणूक तपसाधना आणि मिशन प्रवचने देणाऱ्या पथकात झाली. हे काम संध्याकाळी आणि रविवारी. दिवस मोकळे. मग गावोगावच्या धर्मग्रामांत प्रवचनासाठी गेलेला हा धर्मगुरू दुपारी शेतांतून, बाजारांतून, कोळ्यांच्या वस्त्यांतून कॅमेरा घेऊन हिंडत असे. टायटॅनिकमुळे नाव झाले, पण माझ्या मते संग्रहाचा खरा गाभा या वर्षांत आहे. कारण टायटॅनिक बुडाल्याचे जगाला कळले होते. ते जुने आयर्लंड हळूहळू नाहीसे होत होते आणि त्याची वार्ता कोणत्याही वृत्तपत्रात येत नव्हती.

आता ट्रंकेकडे परत येऊ. ती आणखी २५ वर्षे तशीच राहिली असती तर काय झाले असते, हे समजण्यासाठी फिल्म म्हणजे काय ते थोडे पाहावे लागेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. बंदुकीच्या कापसाचीच ती धाकटी बहीण. ती सहज पेट घेते आणि जळताना स्वतःच प्राणवायू निर्माण करते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. न पेटलीच तरी ती स्वस्थ बसत नाही. उष्णतेने आणि दमटपणाने तिचे विघटन सुरू होते, त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू निघतात आणि बंद पेटीत ते वायू शेजारच्या फिल्मलाही खातात. फिल्म आधी पिवळी पडते, मग चिकट होते, एकमेकींना चिकटते आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी होते. एका नासक्या आंब्याने आढी नासावी तसा हा प्रकार. कोडॅकने १९५० च्या सुमारास नायट्रेट फिल्म बनवणे थांबवले. तिच्या जागी आलेली अॅसिटेटची 'सेफ्टी' फिल्म सहज पेट घेत नाही, पण तीही अमर नाही. ती बिघडू लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो.

फादर ओडॉनेल यांनी ही ट्रंक दाखवली ती डेव्हिड डेव्हिसन या छायाचित्र-संवर्धकाला. जुन्या नायट्रेट निगेटिव्हचे विघटन सुरू झाले होते. डेव्हिसन आणि त्यांचा मुलगा एडविन यांनी एकेक निगेटिव्ह हाताळून तिची प्रत सेफ्टी फिल्मवर घ्यायला सुरुवात केली. काम वर्षानुवर्षे चालले. पुढे संगणकाचे युग आले तेव्हा याच चित्रांचे स्कॅनिंग होऊन ती पडद्यावर पाहण्याजोगी झाली. फादर ओडॉनेल यांनी निवडक चित्रांची पुस्तके काढली. टायटॅनिकचा अल्बम १९९७ साली प्रसिद्ध झाला. एका बंद ट्रंकेतील वस्तू अशी घराघरांत पोहोचली.

या कामात सर्वांत मोठे साहाय्य कोणाचे झाले असेल, तर ते खुद्द फादर ब्राउन यांचे. त्यांनी बहुतेक चित्रांना नावे आणि तारखा लिहून ठेवल्या होत्या. हे स्थळ कोणते, हा माणूस कोण, वर्ष कोणते, हे सारे नोंदलेले. मास्तरकीची सवय म्हणा की आत्मपरीक्षणाची टाचणे ठेवण्याची येशूसंघीय शिस्त म्हणा. पण त्या दोन-तीन शब्दांच्या टिपणांमुळे हा संग्रह इतिहासाचे साधन झाला. नाहीतर ती बेचाळीस हजार अनोळखी चित्रे झाली असती.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण दूर नाही. २००७ साली शिकागोत थकलेल्या भाड्यापायी लिलावात निघालेल्या सामानातून व्हिव्हियन मेयर या दाईचे एक लाखाहून अधिक निगेटिव्ह बाहेर आले. तिने १९५९ मध्ये एकटीने जगप्रवास केला होता आणि त्यात भारतही होता. शेकडो रोल तर तिने कधी धुऊनच घेतले नव्हते. चित्रे जगाला दाखवली गेली, तिचे नाव झाले. पण तोवर, २००९ साली, ती वारली होती. पुढे या चित्रांवर हक्क कोणाचा, हा वाद न्यायालयात गेला. आपली चित्रे कोणी पाहावी असे तिला वाटत होते का, हे विचारायला कोणी उरले नाही.

न धुतलेल्या रोलची कथा तर याहून विलक्षण आहे. प्रकाशाने फिल्मवर उमटलेली अदृश्य प्रतिमा थंडीत फार काळ टिकते. स्वीडनचे आंद्रे आणि त्यांचे दोन सोबती ११ जुलै १८९७ रोजी बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बेपत्ता झाले. ३३ वर्षांनी, १९३० साली, एका हिमाच्छादित बेटावर त्यांचे देह सापडले, त्यांबरोबर फिल्मही. जॉन हर्ट्झबर्ग यांनी स्टॉकहोममध्ये अतिशय जपून ती धुतली आणि सुमारे २४० पैकी ९३ चित्रे वाचवली. बर्फावर कोसळलेले बलून आणि शेजारी उभी दोन माणसे, हे चित्र त्यांतलेच. २०१३ साली दक्षिण ध्रुव प्रदेशात केप इव्हान्स येथील झोपडीत न्यूझीलंडच्या संवर्धकांना शॅकलटन यांच्या मोहिमेतील एका तुकडीच्या २२ निगेटिव्ह एकमेकींना चिकटून ढेकूळ झालेल्या अवस्थेत मिळाल्या. त्याही सुट्या करून वाचवण्यात आल्या.

आपल्याकडे बर्फ नाही, पावसाळा आहे. वसईच्या किंवा बार्देशच्या घरात लाकडी कपाटात ठेवलेली निगेटिव्ह चार महिन्यांच्या दमट हवेत बुरशी धरते. ही बुरशी जिलेटिनच्या थरावर, म्हणजे प्रत्यक्ष चित्रावरच जगते. आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेले रंगीत रोल, बोटीवर काम करणाऱ्यांचे परदेशी बंदरांतील फोटो, वेलंकणीच्या यात्रेचे, १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईच्या युखारिस्तिक परिषदेला आले तेव्हाचे, असे कितीतरी अनेक घरांत बिस्किटांच्या डब्यांत आहे. छापील फोटो अल्बममध्ये जपला जातो. निगेटिव्ह मात्र निरुपयोगी समजून टाकली जाते, वास्तविक जास्त तपशील तिच्यातच असतो. आमच्या परिसरातील एका जुन्या स्टुडिओने बंद होताना ४० वर्षांच्या निगेटिव्ह चांदी काढणाऱ्या भंगारवाल्याला तोलून विकल्या. कित्येक कुटुंबांचे पहिले ख्रिस्तप्रसाद, लग्ने आणि अंत्ययात्रा त्या पोत्यांत गेल्या. कोणी तक्रार केली नाही, कारण काय गेले हे कोणाला माहीतच नव्हते.

हे काम आज घरबसल्या करता येते. निगेटिव्ह कडेला धरावी, शक्यतो सुती हातमोजे घालून. कपड्याने घासू नये, धूळ फुंकणीने उडवावी. पारदर्शक फिल्मसाठी प्रकाशाची सोय असलेला स्कॅनर घ्यावा. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हचा चौकोन ३६ गुणिले २४ मिलिमीटर एवढाच असतो. तो इंचाला ४००० बिंदू या मापाने स्कॅन केला तर सुमारे दोन कोटी बिंदूंचे चित्र मिळते आणि आजीच्या लुगड्याचे काठ मोजता येतात. मूळ निगेटिव्ह टाकू नये, स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. आणि चित्रे चारचौघांना दाखवण्याआधी घरातील ज्येष्ठांजवळ बसून नावे लिहून घ्यावीत. ज्यांची चित्रे आहेत त्यांच्या मुलाबाळांना विचारावे. एखादे चित्र घरातच राहावे असे कोणी म्हटले तर ते घरातच राहू द्यावे.

आणखी एक. स्कॅनिंग करणारे हौशी लोक अस्पष्ट, हललेली, एकावर एक उमटलेली चित्रे बाजूला काढतात. फादर ब्राउन यांच्याकडूनही टायटॅनिकवर एक चूक झाली होती. फिल्म पुढे न सरकवता त्यांनी त्याच चौकोनावर दुसऱ्यांदा चित्र घेतले. त्यात बिनतारी यंत्रांच्या खोलीत पाठमोरा बसलेला एक तरुण दिसतो, बहुधा हॅरल्ड ब्राइड, आणि खोलीतली यंत्रे एकमेकांत मिसळून गेलेली दिसतात. याच खोलीतून चार रात्रींनंतर मदतीची हाक गेली आणि ती ऐकून आलेल्या 'कार्पाथिया' जहाजाने सातशेवर माणसे वाचवली. फादर ब्राउन यांनी हे बिघडलेले चित्र फेकले नाही, नाव घालून ठेवून दिले. टायटॅनिकच्या त्या खोलीचे दुसरे छायाचित्र आजवर कोठेही सापडलेले नाही.